पिठाच्या डब्यातले फ्यूज

चांगुणाच्या घरात पिठाचे दोन डबे होते. एकात घरचं पीठ आणि दुसऱ्यात, म्हटलं तर, सगळ्या नांदूरपेठेचं पाणी.

तिचा नवरा कारभारी नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसवर वायरमन होता. प्रवरेतलं पाणी एका पंपानं वर ओढायचं, तुरटी टाकून हौदात निवळू द्यायचं, वाळूतून गाळायचं आणि दुसऱ्या पंपानं गावातल्या उंच टाकीत चढवायचं, असा तिथला सगळा व्याप. आणि तो व्याप विजेच्या जिवावर. वीज यायची आवाराच्या कोपऱ्यातल्या खांबावरून. खांबाला एक लोखंडी पेटी आणि पेटीत चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज, तळहातात मावतील न मावतील एवढाले. ते तीन ओढून काढले की पंप, दिवे, साहेबाच्या डोक्यावरचा पंखा, सगळं गार.

कारभाऱ्याला बोर्डावर हात घालायचा असला की तो आधी ते फ्यूज काढायचा, आवार ओलांडून क्वार्टरच्या दारात यायचा आणि चांगुणाच्या पदरात टाकायचा. ती ते दुसऱ्या डब्यात ठेवायची. फुटू नयेत म्हणून तळाला कोंडा घातलेला असायचा. झाकण लावायचं, डबा मांडीशी घ्यायचा आणि मग काय निवडायचं टिपायचं ते तिथंच बसून. काम झालं की कारभारी दारात यायचा, "दे" म्हणायचा, की ती द्यायची. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. एकदा ओव्हरसियर साहेबांनी शिपायाला पाठवलं, तर शिपायाला तिनं चहा पाजला आणि तसाच परत लावला.

ही रीत काही हौसेनं पडलेली नव्हती. कारभारी नवा नवा हाताखाली लागला तेव्हा राधाकृष्ण नावाचे थोरले वायरमन होते. ते बटन बंद करून पंपाच्या तारा बांधत होते. कुणीतरी आत आलं, बटन खाली दिसलं, त्याला वाटलं लाईट गेली तेव्हा कुणी पाडून ठेवलं असेल, आणि त्यानं चांगुलपणानं ते वर केलं. राधाकृष्ण जगले, पण उजव्या हाताची बोटं आवळली ती आवळलीच. पुढं ते बाजारात चहाची किटली घेऊन बसायचे आणि कप डाव्या हातानं पुढं करायचे. कारभाऱ्यानं तो चहा कधी घेतला नाही. त्याला तो हात बघवत नसे.

चांगुणा पारनेरकडची. माहेरी विहिरीवरून पाणी आणता आणता तिचं पोरपण गेलं, आणि दिवा म्हणजे तिला रॉकेलचाच ठाऊक. लग्नानंतर वर्षभर ती बटन दाबताना दुसरा हात पाठीमागं धरायची. वीज कशी येते नि कुठं जाते, यातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. तिला कळत होतं ते इतकंच, की डबा आपल्या मांडीशी आहे तोवर नवरा धड आहे. फिल्टर हाऊसवरही सगळ्यांना तेच पाठ झालं होतं. कुणी बिचकत विचारलं, "लाईट बंद हाय ना नक्की?" तर उत्तर यायचं, "फ्यूज चांगुणाबाईकडं गेलेत." मग विचारणारा खुशाल हात घालायचा.

बहात्तरचा दुष्काळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबला तेव्हा प्रवरेचं पात्र पांढरं फटक पडलं. पाणी राहिलं ते खालच्या डोहात. तिथून ओढायला मोठा पंप आणला, तर जुन्या बोर्डाला तो पेलवेना. जुना बोर्ड म्हणजे काळ्या दगडी फळीवर उघड्या तांब्याच्या पात्या. दुपार झाली की त्या तव्यासारख्या तापायच्या आणि खोलीभर जळका वास सुटायचा. कारभारी दोन घास खाऊन उठायचा आणि बोर्डासमोर जाऊन उभा राहायचा, दूध तापत ठेवल्यासारखा. शेवटी नगरपालिकेनं नवा बोर्ड मंजूर केला. तो आला तेव्हा सगळे बघायला गेले. करड्या रंगाचं माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, पुढं दारं, दाराबाहेर दांडा. छबूबाई, म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधली, गावात पाणी सोडणाऱ्या छगनची बायको, म्हणाली की असं कपाट तिला मिळालं असतं तर तिनं लुगडी ठेवली असती.

बोर्ड बसवायला सहादेव मिस्त्री आला होता. बोलायला मोठा मोकळा माणूस. चांगुणाच्या पडवीत पाणी पिता पिता त्यानं तिला सांगितलं, "वैनी, आता तुमची सुटका झाली बघा. आठवड्यानं खांबावरची पेटी बी बदलायची. मग वढून काढायचं फ्यूजच न्हाईत. दांडा खाली केला की बंद, वर केला की चालू."

"आन कुनी वर केला तर?" चांगुणानं विचारलं.

मिस्त्री हसला. "करंल कशाला कुनी?"

राधाकृष्णांच्या वेळीही कुणी कशाला केलं होतं? पण हे तिनं मिस्त्रीला म्हटलं नाही. रात्री कारभाऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, की नवं आहे ते चांगलंच आहे, आणि कूस बदलून झोपला. झोपला म्हणजे डोळे मिटून पडला. एवढं तिला इतक्या वर्षांनी ओळखता येत होतं.

मिस्त्रीच्या माणसांत एक कानिफनाथ होता. पाथर्डीकडचा, तिशीचा, काटकुळा. जाड तारांची टोकं जोडण्यात आणि नट आवळण्यात त्याचा हात बसलेला. त्याची आई आणि बायको तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि हा इकडं. दुपारची भाकरी तो चांगुणाकडं खायचा. भाकरी कसली, रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची. गरम आहे तोवर घशाखाली उतरायची, निवली की कौलासारखी. त्यामुळं कानिफनाथ जेवणाला कधी मागं राहिला नाही. तव्यावरची भाकरी खाली उतरायला आणि हा पडवीत टेकायला एकच गाठ पडायची. छबूबाई म्हणायची, की ह्याला बोलवायला माणूस नको, नुसता धूर पुरे.

बोर्ड बदलायच्या दिवशी गावात आदल्या सांजेला दवंडी दिली होती, की उद्या नळाला पाणी नाही, भरून ठेवा. पण भरून ठेवायचं कशात आणि कुठलं? टाकीत होतं ते सकाळीच संपलं. हौद अगदीच कोरडा पडू नये म्हणून एका बागायतदाराचं डिझेल इंजिन आणून फिल्टर हाऊसच्या भिंतीशी लावलं होतं. त्याचा ठकठकाट असा, की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

कारभाऱ्यानं सकाळीच फ्यूज काढले आणि चांगुणाच्या पदरात टाकले. जाताना उंबऱ्यावर थांबला. "आज येळ लागंल," एवढंच म्हणाला. तिनं डबा मांडीशी घेतला आणि बसली. चूल पेटवायची ती डबा शेजारी ठेवून, पाण्याला उठायचं ते डबा कडेवर घेऊन. छबूबाईनं विचारलंच, की बारसं कधी आहे.

दुपारी माणसं जेवायला आली ती दोन-दोन करून, घाईघाईत. कानिफनाथ आला, पण बसला नाही. "वैनी, माजी झाकून ठिवा. एवढं आवळून येतोच," म्हणाला आणि गेला. तिनं त्याच्या दोन भाकऱ्या ताटलीखाली झाकून चुलीच्या वायलावर ठेवल्या.

मग दुपार कलली. जुना बोर्ड, ती काळी फळी, टेम्पोत घालून संगमनेरला रवाना झाली. सोबत मिस्त्रीची माणसं गेली. पाठोपाठ फाटकाशी बायका जमायला लागल्या. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे. आधी त्या नुसत्या उभ्या होत्या, मग बोलायला लागल्या. लेकरं उन्हानं किरकिरत होती. कुणीतरी म्हणालं, की नगराध्यक्षांच्या घरी टँकर गेला, आणि मग आवाज चढला.

ओव्हरसियर साहेब तसे सज्जन होते, पण दिवसभर गावाची बोलणी खाऊन त्यांचा चेहरा उतरला होता. ते स्वतः क्वार्टरच्या दाराशी आले. काम संपलं आहे, म्हणाले, फ्यूज द्या.

चांगुणा उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्यांना पाठवा, साहेब."

"बाई, मी स्वतः आलोय."

"व्हय. पर आत हात घालायला तुमी न्हवता."

साहेबांनी रागावून पाहिलं, मग फाटकाकडं पाहिलं आणि कारभाऱ्याला आणायला गेले. फाटकावरच्या बायकांना एवढं कळलं, की पाणी आता ह्या बाईच्या डब्यात अडलंय. एकीनं मोठ्यानं विचारलं, की ही कुठली राणी लागून गेली. छबूबाई कुंपणापाशी येऊन कुजबुजली, "चांगुणे, अगं साहेब हाय त्यो, चोर न्हाय. दिऊन टाक."

"त्यांच्याच हातात," चांगुणा म्हणाली. ह्या कामात ती तयार होती. आजवर असंच निभावलं होतं. कारभारी येईल, "दे" म्हणेल, की सुटलो.

आणि कारभारी आला. अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला, कपाळाला काळं लागलेलं, मागं साहेब आणि मिस्त्री. तो उंबऱ्याशी उभा राहिला, हात पुढं केला आणि म्हणाला, "दे."

तिनं झाकण उघडलं. कोंड्यात हात घातला. पहिला फ्यूज बोटांना लागला आणि तेवढ्यात तिची नजर चुलीकडं गेली. ताटली तशीच होती.

"कानिफनाथ कुठं हाय?" तिनं विचारलं.

"टेम्पोत गेला." हे मिस्त्री म्हणाला.

"तुमी चढताना बगितला?"

मिस्त्री म्हणाला, गेला असणार, दुसरीकडं कुठं जाईल. बोर्डाच्या खोलीत कुणी नाही, कारभाऱ्यानं हाक मारून पाहिली होती. कारभाऱ्यानं मान डोलावली. हात अजून पुढंच होता.

"त्यो जेवला न्हाई," चांगुणा म्हणाली.

"संगमनेरात खाईल कायतरी. दे, चांगुणे."

"भाकरी झाकून ठिवा म्हनला. जायचं असतं तर सांगून गेला असता. न्हाईतर संगं घिऊन गेला असता."

"डबा दे."

चांगुणानं झाकण परत लावलं. दाबून लावलं. "न्हाई," ती म्हणाली.

फाटकावरचा गलका एकदम खाली बसला. इंजिनाच्या ठकठकाटात त्यांना शब्द काही ऐकू गेले नसतील, पण बाईनं नवऱ्यापुढं झाकण लावलं ते सगळ्यांनी पाहिलं. कारभाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेबांसमोर, मिस्त्रीसमोर, अर्ध्या गावासमोर. ही रीत त्यानंच घातली होती. तो मागेल तेव्हा द्यायचं, बाकी कुणी मागितलं तरी नाही. आणि आज त्यालाच नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुमी भाईर आलाय ते मला दिसतंय," ती म्हणाली. डबा तिनं पोटाशी घट्ट धरला होता. "त्यो दिसंना. तेवढा दाखवा, मग घ्या."

मिस्त्री काहीतरी बोलायला लागला, तर कारभाऱ्यानं हातानं त्याला थांबवलं. तो चांगुणाकडं बघत राहिला, मग ताटलीकडं, आणि वळून फिल्टर हाऊसकडं चालू लागला. त्याची पाठ बघूनच तिला कळलं, की आता घरात महिनाभर तरी बोलणं नाही.

चांगुणा उभीच राहिली. तिच्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. कानिफनाथ खरंच टेम्पोत गेला असेल तर? आता संगमनेरच्या स्टँडवर भजी खात बसला असेल तर? मग कारभाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बायकोनं भाकरीपायी गाव तहानेलं ठेवलं, असं पोरं मागून ओरडतील. आणि तिच्या मनात आलं, की देवा, तो आतच सापडू दे. आलं आणि तिचं तिलाच चरकलं. कुणाच्या तरी लेकानं तारांत अडकून पडावं, म्हणजे आपलं खरं व्हावं, असं मागत होतो आपण? तिनं घाईनं मागणं फिरवलं. भजी खाऊ दे त्याला. खुशाल खाऊ दे. मी घेईन बोलणी.

छबूबाई कुंपणाच्या अलीकडं आली होती. तिनं टोमणा मारला नाही, नुसती शेजारी उभी राहिली, आणि त्यानंच चांगुणाला जास्त भीती वाटली.

एकाएकी इंजिन बंद पडलं. कारभाऱ्यानंच ते बंद केलं होतं. दिवसभर कानात बसलेला आवाज थांबला तसं सगळं आवार बहिरं झाल्यागत झालं. फाटकाशी एक कळशी खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट आला. मग कारभाऱ्याची हाक आली, एकदा, दोनदा. आणि मग, जणू जमिनीतून, कुणीतरी वैतागून म्हणालं,

"अवं, बत्ती दावा की कुनीतरी. कवाचा वरडतोय."

कानिफनाथ नव्या बोर्डाच्या पाठीमागं, तारांसाठी खणलेल्या चरात होता. सगळं आवळून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की एक पान्हा बोर्डात खाली पडलाय. तो काढायला तो चरात उतरला आणि सरपटत बोर्डाच्या पोटाखाली गेला. वरून कुणीतरी काम झालं म्हणून चरावर लोखंडी पत्रे टाकले. इंजिनाच्या आवाजात याचं त्यांना आणि त्यांचं याला काही ऐकू आलं नाही. कारभाऱ्यानं पत्रा उचलला तेव्हा म्हणे, कानिफनाथाचा एक हात बोर्डाच्या आत होता, मनगटापर्यंत, तांब्याच्या पट्ट्यांपाशी. पान्हा तिथं अडकला होता. आणि तो इतका निवांत होता, कारण फ्यूज चांगुणाबाईकडं आहेत हे त्याला ठाऊक होतं.

हे सगळं चांगुणाला नंतर कळलं. तेव्हा तिला दिसलं ते इतकंच, की आवारातून दोघं चालत येतायत. कानिफनाथ डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेला, हातात पान्हा. तो थेट पडवीत येऊन टेकला, ताटली उचलली, भाकरी मोडून पाहिली आणि म्हणाला, "निवली की ओ वैनी." मग सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "काय झालं? अशी का बगताय?"

मिस्त्री, एरवीचा बोलका माणूस, पडवीच्या खांबाला टेकून बिडी उलटी तोंडात धरून उभा होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

कारभाऱ्यानं हात पुढं केला. "दे," म्हणाला. हात थरथरत होता.

चांगुणानं डबा दिला नाही. तिनं तांब्याभर पाणी त्याच्या हातात दिलं. "आदी ह्ये घ्या. बसा जरा. असल्या हातानं खांबाकडं जायचं न्हाई." तो बसला. फाटकाशी अर्धं गाव तहानलेलं उभं आणि वायरमन पडवीत बसून पाणी पितोय, पण त्या वेळी कुणी ओरडलं नाही. हात थांबल्यावर तिनं एकेक फ्यूज कोंडा झटकून त्याच्या ओंजळीत ठेवला.

नवा बोर्ड चालू झाला. जळका वास नाही, तडतड नाही, नुसता भुंग्यासारखा हलका आवाज. दिवेलागणीला नळाला पाणी आलं. भांड्यांचा आवाज पार क्वार्टरपर्यंत ऐकू येत होता.

कारभारी त्या रात्री बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रागावला होता की घाबरला होता, ते चांगुणाला कळेना, आणि विचारायची तिची छाती होईना. आठवड्यानं ठरल्याप्रमाणं खांबावरची पेटी बदलली. ते तीन पांढरे फ्यूज स्टोअरमध्ये जमा झाले. डबा रिकामा झाला. छबूबाई म्हणाली, त्यात आता तांदूळ भर. पण चांगुणाच्यानं भरवेना. कारभारी नव्या बोर्डाशी काम करत असला की ती हातातलं सोडून दारात उभी राहायची आणि त्या दांड्यावर नजर ठेवायची. तिथून दांडा नीट दिसायचा नाही. पाखरू सावलीतून गेलं तरी तिला वाटायचं, कुणी दांड्याला हात घातला.

मिस्त्री नि कानिफनाथ राहिलेलं काम उरकायला आले होते, तेव्हा एके दुपारी ती अशीच उभी असताना कारभारी आवार ओलांडून आला. हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. त्यानं ते तिच्या पदरात टाकलं, तसा पदर खांद्यावरून ओढला गेला, इतकं ते जड. तिनं चिंधी उलगडली. नव्या बोर्डाचा दांडा होता. खीळ काढली की निघत होता म्हणे, आणि दांडा नाही तर बोर्ड चालू करणं कुणाच्या बापाला साधणार नव्हतं.

"डब्यात मावायचा न्हाई ह्यो," चांगुणा म्हणाली. पदराला ग्रीसचा काळा डाग पडला होता.

"मग मांडीवर घिऊन बस," कारभारी म्हणाला. त्या दिवसानंतरचं हेच त्याचं पहिलं सरळ बोलणं.

काम आटोपून तो परत आला तेव्हा ती दांडा द्यायला उठली, पण त्यानं हात पुढं केला नाही. शाळेतल्या पोरासारखा उंबऱ्याशी ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "छगन भाईर हाय. सहादेव मिस्त्री भाईर हाय. कानिफनाथ पडवीत जेवतोय. दे."

पुढं तीच रीत पडली. आत जितकी माणसं गेली तितकी नावं दारात घ्यायची, मगच दांडा मिळायचा. एकट्यानं काम केलं असलं तरी कारभाऱ्याची सुटका नव्हती. दारात उभं राहून त्याला सांगावं लागे, "मी भाईर आलोय."

"दिसतंय," चांगुणा म्हणायची, नीट वरून खालपर्यंत बघून घ्यायची, आणि मग द्यायची.